भिंतीपलीकडची मैत्रीण आणि दीड किलोमीटरचा वळसा : सोलापूरचे नवे रस्ते एकमेकांना भेटत का नाहीत?

विजापूररोडची

आमची सोसायटी जुळे सोलापुरात. मागे आठ फुटी भिंत, भिंतीपलीकडे दुसरी सोसायटी. आईची भिशीतली मैत्रीण तिथे राहते. संध्याकाळी दोघी आपापल्या गच्चीवरून एकमेकींना हात करतात. तिच्या दारातली तुळस वाळलीय हे आईला आमच्या गच्चीवरून दिसतं.

पण भेटायला जायचं तर आमच्या गेटातून कॉलनीच्या रस्त्याला, तिथून मेन रोडला, मेन रोडवरून पुढे जाऊन वळायचं, मग त्यांच्या कॉलनीत शेवटच्या गल्लीतलं शेवटचं घर. परवा मोबाईलवर मोजलं, १ किलोमीटर ४०० मीटर. सरळ रेषेत शंभर मीटरसुद्धा नसेल. आई ७१ वर्षांची आणि तिचे गुडघे त्याहून म्हातारे. म्हणून मी स्कूटीवर सोडते, घरी येते, पुन्हा आणायला जाते. एका चहामागे साडेपाच किलोमीटर!

माझं लहानपण शुक्रवार पेठेत गेलं. शाळेला जायला चार वाटा होत्या. एका बोळात कुत्रं बसलं असेल तर दुसरा, उशीर झाला तर तिसरा, आणि ज्या दुकानदाराची उधारी राहिलीय त्याला चुकवायचं असेल तर चौथा. एकही बोळ सरळ नव्हता. इथे सगळे रस्ते फूटपट्टीने आखलेले आहेत, पण मला घरातून बाहेर पडायला एकच रस्ता आहे.

हे आपल्याच गावात झालंय, की कुठलंही शहर वाढलं की असंच होतं?

शेंगाचटणी

काकूंना गच्चीवरून टोपली सोडायला सांगा. भिशीचे पैसे खाली, चटणी वर. (दिवे घ्या)

डिलिव्हरी_दादा

ताई, माझं रोजचं दुखणं लिहिलंत. मॅप मला भिंतीपाशी आणून सोडतो आणि म्हणतो, तुम्ही पोहोचलात. वर बाल्कनीतून कस्टमर ओरडतो, "दादा, तुम्ही दिसताय मला!" मी म्हणतो, मला पण तुम्ही दिसताय की मालक, बिर्याणी फेकू काय? एकदा खरंच एकाने स्टूल आणलं, भिंतीवर चढला आणि वरूनच पार्सल घेतलं. पाच स्टार दिले त्याने.

जुन्या गावात ट्राफिक जास्त पण ऑर्डर लवकर होते. एक रस्ता जाम झाला की दुसरा सापडतो. जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोडकडे एक गल्ली चुकली की पार मेन रोडपर्यंत परत.

बाळीवेसकर

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत गावात आहात ना? मग उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर चालतं. यण्णीमज्जनाला नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि ६८ लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात. नंदीध्वज पेलत, पायी. ६८ ठिकाणं एका फेरीत गाठता येतात, कारण जुन्या गावात एक ठिकाण दुसऱ्याच्या वाटेवर असतं. त्याच पावली मागे फिरावं लागत नाही.

हेच काम कुणी नव्या कॉलन्यांत करायला घेतलं तर दर लिंगामागे मेन रोडवर येऊन यू टर्न घ्यावा लागेल. संक्रांतीला निघालेली मिरवणूक शिवरात्रीला परतेल.

भिंतीच्या_अलीकडे

मी उलट बाजूने बोलतो, शिव्या द्या हवं तर. आमच्या कॉलनीचा रस्ता आधी आरपार होता. शाळा सुटायच्या वेळी मेन रोडचा सिग्नल चुकवायला रिक्षा, टेम्पो, बुलेटवाले सगळे आमच्या दारातून. दोनदा गळ्यातली चेन ओढून नेली, दोन्ही वेळा गाडी मागच्या बाजूने पसार. भिंत घातली आणि संध्याकाळी पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळायला लागली. माझी पण खेळते.

तुम्हाला जो रस्ता हवा असतो तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारातून जातो. आणि प्लॉट घेताना "गल्लीतला शेवटचा आहे, शांत आहे" म्हणून जास्त पैसे आपणच देतो.

शेंगाचटणी

@भिंतीच्या_अलीकडे, भिंतीच्या पलीकडचे लोक पण आपल्याला हेच नाव लावत असतील.

नकाशेवाला

सिव्हिलवाला आहे, थोडं लांबण लागेल.

रस्त्यांचे दोन स्वभाव असतात, जाळ्याचा आणि झाडाचा. पाच बाय पाच अशा २५ चौकांची जाळी काढा. चौकांना जोडणारे रस्त्याचे तुकडे मोजा, ४० भरतात. आता तेच २५ चौक कमीत कमी तुकड्यांनी जोडा, २४ पुरतात. सगळीकडे पोहोचता येतं, पण प्रत्येक ठिकाणी जायला एकच वाट. खोड, फांदी, डहाळी, पान. पानावरून शेजारच्या पानावर जायचं तर खोडापर्यंत उतरा आणि परत चढा. धागाकर्तीच्या आई पानावर राहतात.

मधले १६ तुकडे गेले कुठे? त्यांची जमीन प्लॉट म्हणून विकली गेली. ले-आउट पाडणाऱ्याला स्वतःच्या प्लॉटपर्यंत गाडी पोहोचली की पुरे. शेजाऱ्याच्या ले-आउटला रस्ता जोडून त्याला काय मिळणार? त्यामुळे आपल्या हद्दीत प्रत्येकाचं गणित बरोबर येतं आणि सगळे ले-आउट शेजारी शेजारी ठेवले की गाव चुकतं.

हे जगभर मोजलं गेलंय. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोघांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या रस्त्यांचा शंभर वर्षांचा हिशोब मांडला. तिथे बंद गल्ल्यांचं प्रमाण विसाव्या शतकात वाढत गेलं, १९९४ च्या सुमारास टोकाला पोहोचलं आणि मग उतरू लागलं. २०२० मध्ये त्यांनी ओपन स्ट्रीट मॅप या सगळ्यांना खुल्या असलेल्या नकाशावरून साऱ्या जगाचं तेच काम केलं. १९७५ नंतर जगात सरासरीने रस्ते एकमेकांपासून तुटतच चाललेत. पण सगळीकडे सारखे नाहीत. बोलिव्हिया, अर्जेंटिना, पेरू इथे नवी वस्तीसुद्धा जाळीतच होते. तेव्हा शहर वाढलं की असं होणारच, हे काही खरं नाही.

त्यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच. इमारत पन्नास-साठ वर्षांत पाडून नवी बांधतात, रस्त्याची रेघ मात्र शतकं टिकते. आणि पहिली रेघ तुटकी पडली की पुढच्याही बहुतेक तशाच पडतात.

सत्तरफुटी

नकाशेवाले, आमच्या पूर्व भागाकडं पण बघा जरा. साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक. घरात माग, दोन गल्ल्या सोडून सायझिंग, म्हणजे सुताला खळ द्यायचं काम, तिसऱ्या गल्लीत रंगवणारा, पलीकडं शिवणारा. माझे आजोबा हातगाडीवर बीम घालून न्यायचे. बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ, त्याचं काय वजन असतं ते ज्याने ढकललंय त्याला विचारा. दीड किलोमीटरचा वळसा असता तर चादर निघालीच नसती. वाट जवळ होती म्हणून धंदा घरात झाला.

आता कारखाने अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेले. माल टेम्पोनं जातो, कामगार सहा आसनीनं.

पुण्यात_अडकलेला

पुण्यातही हेच चाललंय हो. फक्त तुमची भिंत आठ फुटी आहे, आमच्या भिंतीला क्लब हाऊस आहे.

शेंगाचटणी

आला पुणेकर. धाग्याला लांबी येणार आता.

ज्वारीचं_कणीस

आमची शेती सोरेगावच्या शिवारात होती. होती म्हणतोय, कारण आता तिथं तीन ले-आउट आहेत. त्यामुळं ही भिंत कुठून आली ते मी सांगू शकतो. ती आमचा बांध आहे.

१९९२ ला हद्दवाढ झाली. आधीचं गाव सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं, ते एका दिवसात १७८ वर गेलं. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे, सगळी शिवारं शहरात. शिवारात रस्ता म्हणजे काय? एक पाणंद, बैलगाडी जाईल एवढी, आणि दोन्हीकडं पट्ट्या पट्ट्यांची वावरं. लांबट वावर, अरुंद तोंड पाणंदीकडं. आमच्या थोरल्या चुलत्यांनी पट्टी विकली, बिल्डरनं पाणंदीपासून मधोमध रस्ता काढला, दोन्हीकडं प्लॉट, शेवटी बांध. बांधावर भिंत. पाच वर्षांनी शेजाऱ्यानं विकली. त्यानं पण तसंच. पाणंद झाली मेन रोड, वावर झालं कॉलनी, बांध झाला कंपाउंड. तुमचा नकाशा कुणी इंजिनिअरनं काढलाच नाही. तो आमच्या पणजोबांच्या वाटण्यांनी काढलाय.

आणि ही तर एनए, म्हणजे बिगरशेती, करून पाडलेली. गुंठेवारीत काय असतंय बघा. बाँडवर दोन गुंठे, तीन गुंठे विकले, विकणाऱ्यानं दहा-बारा फुटांची वाट ठेवली, ती पण त्याचं शेवटचं गिऱ्हाईक आत जाईल एवढीच. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं अशी घरं नियमित करायची सोय झाली, पुढं मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. घर नियमित होतंय. न ठेवलेला रस्ता कसा नियमित करणार?

एक गंमत सांगतो. शेतकऱ्याला वाट नसेल तर महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो, बांधावरून वाट मिळते. वावर होतं तेव्हा आमची म्हैस बांधावरून पलीकडं जायची. त्याच जागेवर आता ताईंच्या आईला जाता येत नाही.

विजापूररोडची

@ज्वारीचं_कणीस, आईला वाचून दाखवलं. म्हशीवर बराच वेळ हसली, मग म्हणाली, "मग तहसीलदाराकडे माझाच अर्ज कर."

बाळीवेसकर

वाटण्या जुन्या गावातही झाल्याच की. वाड्यांच्या वाटण्या होऊन होऊन तर आमचे बोळ झाले. फरक इतकाच, तेव्हा दोन वाड्यांच्या मध्ये माणूस जाईल एवढी जागा सोडायची रीत होती. सोडली नाही तर लग्नात, मर्तिकात त्या माणसाची अडचण व्हायची. गाडी कुणाकडे नव्हतीच, मग वळसा परवडायचा कुणाला?

नकाशेवाला

यावर उपाय शंभर वर्षांपूर्वीपासून कागदावर आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात नगररचना योजना आली, जिला सगळे टीपी स्कीम म्हणतात. सगळ्यांची वावरं कागदावर एकत्र करायची, बांध पुसायचे, रस्ते आणि मोकळ्या जागा आखायच्या आणि प्रत्येकाला थोडी कमी पण सरळ आकाराची, रस्त्याला लागलेली जमीन परत द्यायची. गुजरातने ही रीत सोडली नाही, अहमदाबादचा बराच भाग असाच वाढला. आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यातही ती आहे, पण आपला भर राहिला विकास आराखड्यावर. आराखड्यात मोठे रस्ते दाखवतात, जमीन घ्यायला पैसे लागतात. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवायला मोकळा होतो. आणि मोठे रस्ते झाले तरी मधल्या गल्ल्या एकमेकींना जोडायचं काम कुणाचंच नसतं.

शेंगाचटणी

आराखड्यातल्या त्या ५४ मीटर रस्त्याचा विषय कुणी काढू नका. माझं बीपी वाढतं.

सत्तरफुटी

आमच्या रस्त्याचं नाव सत्तर फूट आहे. गाडे, पार्किंग आणि टपऱ्या सोडून उरतो त्याचं नाव काय ठेवायचं?

पुण्यात_अडकलेला

गंभीर प्रश्न. सात रस्ता चौकाला खरंच सात रस्ते मिळतात का? मी कॉलेजला असताना दर वेळी वेगळा आकडा यायचा.

डिलिव्हरी_दादा

मी मोजलेत. सिग्नलला उभा राहिलो की सात, घाईत असलो की नऊ.

चावडी (संपादक मंडळ)

मंडळी, सात रस्त्यासाठी वेगळा धागा काढा. मूळ विषय भिंतीचा आहे.

कुंभारीची_बाई

मी शिक्षिका आहे, विडी कामगारांच्या घरकुलात शिकवते. इथे तुमच्यापेक्षा उलटा नमुना आहे, म्हणून लिहिते.

कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ मध्ये दहा हजार घरं झाली. पुढे रे नगर, तीस हजारांचा प्रकल्प, त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या चळवळीतून ही घरं उभी राहिली हे सगळ्यांना माहीत आहे. भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बायकांच्या नावावर घर झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला चालणार नाही.

आणि आतले रस्ते? सरळ, एकमेकांना काटकोनात, या गल्लीतून त्या गल्लीत कुठूनही जा. नकाशेवाल्यांच्या हिशोबाने जाळं, पैकीच्या पैकी मार्क. पण ते सगळं जाळं गावापासून लांब आहे. मधे माळ, मग एमआयडीसी, मग गाव. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला जाते तेव्हा तिचा अर्धा दिवस जातो. पूर्वी पेठेत राहत होती तेव्हा तेच काम ती गॅसवर भात ठेवून करून यायची, हे तिचेच शब्द. रिक्षाचं भाडं विड्यांच्या मजुरीतूनच जातं.

तेव्हा नुसते चौक मोजू नका. चौकातून पुढे कुठे जाता येतं तेही बघा.

ज्वारीचं_कणीस

बाई, लाखातलं बोललात. जमीन स्वस्त मिळती ती लांबच मिळती.

नकाशेवाला

मान्य, पूर्णपणे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एकत्र केल्या. एक, गाव किती पसरलं. दोन, पसरलेल्या गावात रस्ते किती जोडलेले. गाव दाट असून रस्ते तुटके असू शकतात, जुळे सोलापूर घ्या. विरळ आणि लांब असून आतले रस्ते जोडलेले असू शकतात, कुंभारी घ्या.

भिंतीच्या_अलीकडे

पसरण्याचा आकडाही फसवा असतो बरं का. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. त्याला १७८ ने भागलं तर चौरस किलोमीटरला ५,३०० च्या आसपास येते. ऐकायला विरळ वाटतं. पण त्या १७८ मध्ये ज्वारीची वावरं, माळ, ओढे सगळं धरलंय. पाच्छा पेठेत ५,३०० माणसं किती जागेत राहतात ते जाऊन बघा.

बाळीवेसकर

हद्दवाढ होऊन तीस वर्षं उलटली तरी त्याला अजून "हद्दवाढ भाग"च म्हणतात. नवी सून म्हातारी झाली तरी नवी सूनच.

चावीवाल्याचा_पुतण्या

सगळे रस्त्याचं बोलताय, पाण्याचं कुणीच नाही? आपल्याकडं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाइपलाइन रस्त्याखालूनच जाते. रस्ता बंद गल्लीत संपला की पाइप पण तिथंच संपतो. शेवटच्या घराला प्रेशर नाही आणि आधीचे सगळे मोटार लावून ओढतात. जुन्या पेठांत लाइन फिरून दुसऱ्या लाइनला मिळते, तिथं पाणी दोन्हीकडून येऊ शकतं. माझे काका पाणी सोडायची चावी फिरवायचे, म्हणायचे, गल्लीच्या टोकाचं घर घेऊ नको, शांतता मिळंल पण अंघोळ नाही.

@भिंतीच्या_अलीकडे, तुमचं घर कितवं?

भिंतीच्या_अलीकडे

…शेवटचं.

शेंगाचटणी

धागा इथेच बंद करा, यापेक्षा वर जाणार नाही.

नकाशेवाला

बंद नको, एक राहिलंय. @भिंतीच्या_अलीकडे यांचा चेन ओढण्याचा आणि क्रिकेटचा मुद्दा मला खोडता येत नाही, खोडायचाही नाही. पण गाड्यांना बंद करायचं म्हणजे माणसांनाही बंद करायलाच हवं का? अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९२९ साली रॅडबर्न नावाची वसाहत झाली. बंद गल्ल्यांचा तो गाजलेला नमुना. तिथे गल्ली गाड्यांसाठी बंद होती, पण घरांच्या मागून पायवाटा होत्या, त्या बागेतून एकमेकींना मिळत होत्या, मोठा रस्ता ओलांडायला भुयारी वाट होती. पोरगं गाडी न ओलांडता शाळेत जाईल अशी कल्पना. पुढे १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज खात्याने बंद गल्लीची शिफारस सुरू केली आणि बिल्डरांनी ती उचलली. उचलताना पायवाटा तेवढ्या गाळल्या, त्या विकता येत नव्हत्या.

तुमच्या भिंतीत चार फुटांचं फाटक, मधोमध एक लोखंडी खांब. बुलेट जाणार नाही, काकू जातील.

भिंतीच्या_अलीकडे

चार फुटांत बुलेट आरामात जाते. खांब मधे असला तरी ॲक्टिव्हा जाते. आडवा नागमोडी पाइप लावतात ना, मंदिराच्या रांगेसारखा, तसा असेल तर विचार करू. आणि रात्री बंद.

डिलिव्हरी_दादा

मी चालत जाईन की. गाडी अलीकडे लावतो, पार्सल घेऊन पलीकडे. फक्त फाटक मॅपवर टाका कुणीतरी.

विजापूररोडची

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

दोन्ही सोसायट्यांची मीटिंग झाली. आमच्याकडून विरोध तिघांचा, त्यांच्याकडून अकरा जणांचा. पहिला तास त्यांचं पार्किंग आमच्या बाजूला पाणी सोडतं यावरच गेला. फाटक म्हटलं की चोर, चोर म्हटलं की कॅमेरा, कॅमेरा म्हटलं की वर्गणी. कुणीतरी म्हणालं, फाटक झालं तर प्लॉटचा भाव पडेल. मी ज्वारीच्या कणसांची म्हैस आणि नकाशेवाल्यांची पायवाट दोन्ही वापरून पाहिलं, दोन्ही चालली नाही. शेवटी त्यांच्या बाजूचे एक निवृत्त एसटी कंडक्टर उठले. म्हणाले, माझी नात ताईंच्या सोसायटीत ट्यूशनला जाते, तिला रोज मेन रोड दोनदा ओलांडायला लागतो, मला झोप लागत नाही. त्यानंतर कुणी फारसं बोललं नाही.

ठरलं ते असं : साडेतीन फुटांचं लोखंडी दार, नागमोडी पाइपासकट, सकाळी सहा ते रात्री नऊ. खर्च निम्मा निम्मा. कुलपाच्या दोन किल्ल्या, एक त्यांच्या वॉचमनकडे, एक आमच्या बाजूला. आमच्याकडे वॉचमन नाही, म्हणून किल्ली आईकडे.

मोबाईलवर मोजलं, दारापासून दारापर्यंत १३० मीटर. आई एकटी जाते, हातात काठी आणि पदराला किल्ली. पण नऊला कुलूप लावायचं असतं ना, त्यामुळे साडेआठपासून तिचा जीव टांगणीला. काल मैत्रिणीकडे चहा अर्धा टाकून परत आली.

शेंगाचटणी

अजून एक किल्ली करून घ्या की. किल्लीवाला नवी पेठेत मिळतो, कुठल्याही बोळातून जा.

भिंतीच्या_अलीकडे

ते नागमोडी पाइप कुणाकडून करून घेतले? भाव काय लावला? आमच्याकडे पण बोलणी चालू आहेत. अजून नक्की काही नाही.